सात ते नऊची मोजणी

– नाही म्हणजे नाही, डॉक्टर. सोमवारच्या आत नाही, सोमवारनंतर नाही, आणि असं डोक्यावर उभं राहून मागितलं म्हणून तर मुळीच नाही. बसा. – ती खुर्ची नको, तिचं एक चाक निखळलंय, मागे एक जण तिच्यावरून सपशेल आडवा झाला, तोही तुमच्यासारखाच घाईत होता – तिकडची घ्या. आणि मोठ्याने बोला जरा. ह्या खोलीत माणसांपेक्षा पंख्यांचा आवाज जास्त, इतकी वर्षं इथे बसून मला आता हळू बोलताच येत नाही, घरीसुद्धा मी ओरडूनच मीठ मागते. तर काय म्हणत होतात? मोठ्या सर्व्हरवरचे प्रोसेसरचे काउंटर, ती आतली मोजणी, सगळ्यांना उघडे करा. बरं. कशासाठी? – प्रोग्रॅम हळू चालतो म्हणून. अहो, तुम्हीच लिहिलाय ना तो? मग पळेल कसा? माणूस आधी स्वतःचा कोड वाचतो, मग दुसऱ्याच्या मशीनला नावं ठेवतो. पण तुम्हा संशोधक मंडळींना वाचायचा भयंकर कंटाळा. मोजायची मात्र हौस दांडगी.

आणि मोजणार म्हणजे काय मोजणार, हे तरी ठरलंय का? – 'सगळं.' वा! सगळं! अहो, प्रोसेसरच्या पोटात मोजायच्या जागा असतात मूठभर – चार म्हणा, सहा म्हणा, फारच श्रीमंत असला तर आठ. आणि मोजण्यासारख्या घटना शेकड्यांनी. किती सूचना पार पडल्या, हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, नव्हती म्हणून लांबच्या मेमरीपर्यंत किती हेलपाटे पडले, पुढे कोणती वाट धरायची याचा अंदाज किती वेळा चुकला – एक ना दोन. बरं, प्रोसेसरला ह्यांची नावं ठाऊक नसतात, त्याला नुसते आकडे कळतात. अमुक आकडा अमुक जागी लिहिला की तो अमुक गोष्ट मोजायला लागतो, आणि पुढच्या पिढीचा प्रोसेसर आला की तोच आकडा भलतंच काहीतरी मोजतो. हा सगळा पसारा झाकून तुमच्यापुढे स्वच्छ नावांची यादी कोण ठेवतं? ऑपरेटिंग सिस्टीम. तुम्ही नाव टाकायचं, ती मागच्या दाराने प्रोसेसरला आकडा लावते, मोजून घेते, निकाल तुमच्या ताटात वाढते. आणि ह्या मशीनसाठी ती यादी बरोबर आहे की नाही ते कोण बघतं? मी बघते. मग तुमच्यासारखं कोणीतरी येतं आणि एका दमात वीस नावं टाकतं. जागा सहा, नावं वीस. सिस्टीम बिचारी काय करणार? पाळ्या लावते. ह्याला थोडा वेळ मोज, त्याला थोडा वेळ मोज, आणि जेव्हा मोजलं नाही तेव्हाही साधारण तितकंच झालं असेल असं धरून आकडा फुगवून देते. फसवत नाही हां – शेजारी कंसात सरळ लिहिते, की बाबा रे, हे मी तीसच टक्के वेळ बघितलंय. तो कंस वाचतं का कुणी? डोंबल वाचतं! आकडा उचलायचा, ग्राफ काढायचा, परिषदेला जाऊन टाळ्या घ्यायच्या, परत येऊन प्रवासखर्चाच्या बिलावर सही मागायची.

राहता राहिलं उघडं आणि बंद. सिस्टीममध्ये एक आकडा असतो, परवानगीचा. तो वर ठेवला की ज्याने त्याने आपापलाच प्रोग्रॅम मोजायचा. शून्यावर आणला की कुणीही उठावं आणि अख्ख्या मशीनवर, सगळ्यांचं, काय चाललंय ते मोजावं. तुम्हाला तुमचाच प्रोग्रॅम मोजायचाय ना? मग तो आजही मोजता येतो, ह्या क्षणाला, मला न विचारता. जिना उतरून माझं डोकं खायला आलात त्याऐवजी सूचना वाचल्या असत्यात तर एव्हाना उत्तर मिळालं असतं. मग शून्य कशाला हवंय? – मी बंद कशाला केलंय? सुरक्षेसाठी. नुसते आकडे तर आहेत, त्यात कसली आलीय सुरक्षा – हो, सगळे हेच म्हणतात. शेजाऱ्याच्या पाण्याचा मीटर रोज वाचत बसलात ना, तर तो आंघोळीला कधी जातो, गावाला कधी जातो, घरी पाहुणे कधी येतात, सगळं कळतं. दाराला कान लावायची गरज नाही. इथेही तसंच. म्हणून बंद. झालं समाधान? या आता.

– कोण म्हणालं पूर्वी उघडं होतं? – सर म्हणाले. अच्छा. म्हणजे सरांनी पाठवलंय होय तुम्हाला. वरच्या मजल्यावरच्या सरांनी. मग हे आधी नाही का सांगायचं? ... होतं उघडं, खरंय, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत होतं. संस्था छोटी, सगळे ओळखीचे, कोण कुणाचं काय मोजणार, असं मीच समितीत बोलले होते. मूर्ख होते. – कसे आहेत तुमचे सर? नाही, सहज विचारलं. खोकला होता ना त्यांना. काल साडेदहापर्यंत लॉग-इन होते, परवाही तेच, कॅन्टीन नऊला बंद होतं, म्हणजे बिस्किटांवरच भागवलं असणार, आणि बिस्किटांनी खोकला वाढतो – असं काय बघताय? मशीन माझ्या ताब्यात आहे, कोण कधी आलं, कधी गेलं, ते मला दिसतंच. कामच आहे माझं ते. मी काही मुद्दाम बघत नाही. रोज सकाळी एकदा नजर टाकते, सगळ्यांवरच टाकते. बरं, सगळ्यांवर नाही. त्यांच्यावर टाकते. बायको आहे मी त्यांची.

चेहरा कशाला पाडताय? महिना झाला तुम्हाला इथे येऊन आणि कुणी सांगितलं नाही? कमाल आहे. वर इतकी माणसं बसतात, चहाच्या यंत्रापाशी तासन् तास उभी असतात, आणि कामाची एक गोष्ट सांगत नाहीत. आता माझ्याकडूनच ऐका, नाहीतर तिथे तिखटमीठ लावलेलं ऐकाल. आम्ही एकाच वर्गात होतो. दोन विषयांत तो पुढे, बाकी सगळ्यांत मी. तो प्राध्यापक झाला, मला शिकवायचा कंटाळा म्हणून मी मशीन सांभाळायला घेतलं – माझ्या मर्जीने, कुणी कोपऱ्यात ढकललं नाही, तसली कीव नको. तो काय, सभा गाजवतो. 'अंदाज करू नका, मोजा!' ऐकलं असेल ना तुम्ही? प्रत्येक भाषणात असतं. मीही पहिल्या रांगेत बसून ऐकलंय, मान डोलावलीय. घरातही तेच. गीझर किती वेळ चालू होता, फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडलं, मी ताईशी फोनवर किती बोलले – सगळ्याचे आकडे तयार. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं. आमच्या ह्यांना किती बारीकसारीक लक्षात राहतं, असं मी चारचौघींत सांगायचे. काय अक्कल म्हणायची माझी!

झालं असं, की ह्या हिवाळ्यात नव्या सिस्टीमची चाचणी लागली माझ्यामागे. दिवसभर तुम्हा लोकांची कामं चालू, म्हणून मी संध्याकाळी सात ते नऊ थांबायचे. घरी सांगून थांबायचे. खाली आहे, काम आहे, तू जेवून घे. त्यात लपवायचं काय होतं? पण ह्याच्या डोक्यात किडा वळवळला. बायको रोज संध्याकाळी दोन तास असते कुठे? आता बघा, संशय कुठल्याही नवऱ्याला येऊ शकतो, माणूस आहे, येऊ दे. पण संशय घ्यायचा तर माणसासारखा घ्यावा! फोन चाळावा, पर्स उलटी करावी, रस्त्याच्या कोपऱ्यावर थंडीत कुडकुडत उभं राहावं, चार शिव्या हासडाव्या – त्यात निदान काही जीव तरी आहे. ह्याने काय केलं? ह्याने माझे कॅशचे हेलपाटे मोजले. हसा, हसा, मीही आधी हसलेच होते. रोज संध्याकाळी मशीनवरच्या माझ्या खात्याच्या नंबराखाली किती सूचना पार पडल्या ते मोजलं, साठवलं, आणि एका रविवारी सकाळी, मी पावाला लोणी लावत होते, माझी बशी बाजूला सरकवून समोर लॅपटॉप ठेवला. ग्राफ. आडवा वेळ, उभं काम. सकाळी डोंगर, दुपारी डोंगर, सात ते नऊ सपाट. रोज सपाट. अक्षांना नावं दिली होती. रंग निवडले होते. माझ्यासाठी निळा निवडला होता, मला निळा आवडतो म्हणून! आणि म्हणे, 'सात ते नऊ तू मशीनवर नसतेस. मग कुठे असतेस?'

आता तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हीच सांगा. का सपाट? – विचार करा. – नेटवर्क? त्याचा काय संबंध! – मशीन झोपलं होतं? कुठून मिळवलीत हो ती पदवी? – अहो, नवी सिस्टीम कुणी एकदम खऱ्या मशीनवर चढवतं का? आधी मशीनच्या आत एक खोटं मशीन उभं करतात, व्हर्च्युअल, आणि त्यात चालवून बघतात. आम्ही त्याला पाहुणं मशीन म्हणतो. ते दोन तास मी त्या पाहुण्याच्या आत असायचे. आणि मोजायच्या कमांडला तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर ती फक्त बाहेरच्या मशीनचं मोजते, पाहुण्याच्या आत काय चाललंय ते वगळते. लपवून नाही, सरळ लिहिलेलं आहे. आतलं हवं असेल तर घटनेच्या नावापुढे एक अक्षर जोडायचं. एक अक्षर! मोजणीवर जगभर भाषणं ठोकत फिरणारा हा माणूस, आणि त्याला ते अक्षर ठाऊक नव्हतं. जे मोजलंच नाही ते त्याने शून्य धरलं, आणि त्या शून्यावर माझ्या अब्रूचा निकाल लावून मोकळा झाला.

मी चूक दाखवली. तिथेच, लोण्याचा चाकू हातात धरून, रडत रडत, एकेक करून समजावून सांगितलं – हे असं मोजतात, हे अक्षर इथे लागतं. तर काय म्हणाला माहितीये? 'अच्छा, गेस्ट वगळलं जातं? इंटरेस्टिंग.' इंटरेस्टिंग! चोवीस वर्षं संसार केलेली बायको समोर रडतेय आणि ह्याला ते इंटरेस्टिंग वाटतंय. पण मला राग त्या चुकीचा नाही आला. चुका सगळेच करतात, तुमच्याकडे बघूनच कळतं. मला राग आला तो जिन्याचा. त्याची खोली ह्या खोलीच्या बरोबर डोक्यावर आहे. मधे एक जिना. एवढा जीव जळत होता तर जिना उतरायचा, हे दार ढकलायचं, मी इथेच होते, ह्याच टेबलापाशी, अंगावर शाल घेऊन, इथे फार गारठा असतो – आणि म्हणायचं, अगं, चल घरी. किंवा म्हणायचं, कोण आहे तुझ्याबरोबर. काहीही म्हणायचं. आला असता तर मी त्याला त्या मोडक्या खुर्चीवर बसवून सगळं दाखवलं असतं, आवडलं असतं मला. पण नाही, तो वर बसून मोजणीच्या कमांडची स्क्रिप्ट लिहीत होता आणि मी खाली, त्याच्या पायाखाली, इतकी जवळ. फार एकटं वाटलं हो मला ते कळल्यावर. आणि खरं सांगू? जे दोन तास त्याच्या ग्राफमध्ये दिसत नव्हते ना, तेवढेच दोन तास माझे बरे जायचे. हे मी त्याला बोलले नाही. ताईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय देव जाणे, तुम्हाला तर खुर्चीवर नीट बसताही येत नाही.

मग काय, दुसऱ्या दिवशी येऊन आधी तो परवानगीचा आकडा वर नेला. सुरक्षा वगैरे समितीला सांगायला. आणि ताईकडे राहायला गेले. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, इथून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या इस्त्रीच्या खोलीत गादी टाकून झोपते मी. भाऊजी भला माणूस, पण रोज सकाळी दात घासता घासता विचारतात, 'मग, काय ठरवलंस?' – जसं काही मी रात्रभर तेच ठरवत पडलेली असते. असतेही, पण म्हणून विचारायचं? सासूबाई फोन करतात, त्या माझ्याच बाजूच्या, म्हणतात, 'लहानपणीही असाच होता गं, मुंग्या मोजत बसायचा आणि मुंगी चावली की भोकाड पसरायचा.' आता मुलाच्या बाबतीत ह्याहून अधिक आई काय बोलणार! आणि मग गेल्या रविवारी तो आला. चालत आला. ताईच्या बैठकीच्या खोलीत दुपारभर बसला, शर्टाचं बटण तुटलेलं, दाढी वाढलेली, आणि रडला. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. म्हणाला, 'पुन्हा कधी नाही मोजणार.' मी म्हटलं, बघ हं, पुढच्या आठवड्यापासून चाचणीचा दुसरा टप्पा आहे, परत सात ते नऊ थांबावं लागेल मला, चालेल? तर म्हणाला, 'थांब ना, खुशाल थांब. मी स्वयंपाक करून ठेवीन.' स्वयंपाक! त्याला अंडं उकडता येत नाही, पाणी आटून भांडं करपतं. पण म्हणाला ना. बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला घरी जायचंय, डॉक्टर. माझी उशी, माझी खिडकी, आणि हो, तोसुद्धा, तो खोकणारा माणूससुद्धा मला हवाय. परवा शनिवार. परवा मी घरी जाणार आहे. म्हणून तर आज तुमच्याशी इतकं गोड बोलतेय – हो, हे गोड आहे, एरवी तुम्ही दारातूनच परत गेला असतात.

बरं, आणा तो लॅपटॉप इकडे. आलाच आहात तर निदान तुमचं काम होईल एवढं करून देते, आहे त्या परवानगीत. – अरेरे, स्क्रीन कधी पुसता की नाही? जेवता का ह्याच्यावर? – हं. ही स्क्रिप्ट. तुम्ही लिहिलीत? – सरांनी लिहून दिली, तुम्ही नुसती चालवायची. छान. म्हणजे डॉक्टर होऊन हमालीच. बघू. – आता हे काय? इथे 'सगळे प्रोसेसर' मागितलेत. तुमचा प्रोग्रॅम एका प्रोसेसरवर चालतो म्हणालात ना आत येताना? मग बाकीच्यांशी काय देणंघेणं? बघा, हेच म्हणते मी, डोळे मिटून कमांड चालवायच्या. आणि घटना किती, तर दोनच. पार पडलेल्या सूचना आणि कॅशचे हेलपाटे. एवढ्यावरून तुमच्या प्रोग्रॅमचं निदान काय होणार, कप्पाळ? आणि नावापुढे हे अक्षर... तुम्ही पाहुणं मशीन चालवता का? – नाही? ते काय असतं तेच तुम्हाला आत्ता माझ्याकडून कळलं? – मग हे अक्षर इथे काय करतंय?

थांबा. बोलू नका जरा. – हा नंबर कुणाचा आहे? हा, ह्या ओळीतला. तुमचा नाही, तुमचं खातं मीच उघडलं, तुमचा नंबर मोठा आहे. मशीनवर प्रत्येक माणसाला एक नंबर मिळतो, डॉक्टर, आल्या क्रमाने, आणि मोजायच्या कमांडला सांगता येतं, की बाकी सगळे सोड, फक्त ह्या नंबराच्या माणसाचं मोज. हा फार जुना नंबर आहे. मशीन खोक्यातून काढलं तेव्हा पहिलं खातं जिने उघडलं तिचा. माझा आहे.

– काय? काळजी? काळजीपोटी केलं असेल? तुम्ही साधे आहात हो. मघापासून तुम्हाला इतकं बोलले आणि तुम्ही त्याचीच बाजू घ्या. नाही, तुमचं चूक नाही, मलाही आत्ता क्षणभर तेच वाटलं. तीन महिने घरात नाही, निदान खाली आहे ना, काम करतेय ना, धडधाकट आहे ना, एवढंच बघायचं असेल. मीही बघतेच की सकाळी त्याचं लॉग-इन. तेवढ्यासाठी असतं ना, तर मी दार उघडलंही असतं. शपथ सांगते, शून्यावर आणलं असतं आणि त्याला कळूही दिलं नसतं. पण मग आजपासून का नाही? उद्या शुक्रवार, उद्यापासून का नाही? – काय म्हणाले ते नीट सांगा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या शब्दांत सांगा. – 'आत्ता गरज नाही, सोमवारपासून लागेल.' हं. सोमवारपासून. आणि ही वेळ इथे खाली लिहिलीय. रोज संध्याकाळी सातला सुरू, नऊला बंद. वाचता येतं मला.

आत्ता गरज नाही. बरोबरच आहे. आत्ता मी सहाच्या ठोक्याला ताईकडे जाते, आत्ता मोजून काय मिळणार? शनिवारी मी घरी जायचं, रविवारी त्याने मला चहा करून द्यायचा, आणि सोमवारी सातला मी इथे बसले की वर मोजणी चालू. मग मी नऊला घरी जाणार, तो ताट वाढणार, मी म्हणणार, अरे वा, करपलं नाही हं आज, आणि त्याला सगळं आधीच ठाऊक असणार. जेवताना माझ्या तोंडाकडे बघून ताळा करून बघणार. आणि ह्या वेळी चूक नाही हां! ह्या वेळी अक्षर बरोबर लावलंय. जागच्या जागी. एवढं रडला, एवढं सगळं झालं, आणि त्यातून गडी शिकला काय, तर ते अक्षर. मीच शिकवलं. आणि मागायला स्वतः येईल तर शपथ. आला असता तर मी त्याच्या तोंडावरून ओळखलं असतं, म्हणून तुम्हाला पाठवलं, नवा माणूस, काही माहीत नसलेला, प्रोग्रॅम हळू चालतो म्हणणारा. तीन महिन्यांनंतरही त्याला तो जिना उतरवला नाही.

घ्या तुमचा लॅपटॉप. – नाही, खोडलं काही नाही, जशीच्या तशी आहे. – अहो, तुम्ही माफी कशाला मागताय? तुम्हाला तर मी केव्हाच माणसांत धरायचं सोडलंय, हातात दिलं ते उचलून आणलंत. – जरा थांबा, एक फोन करू दे.

– ताई? मी बोलतेय. – हो, जेवले. ऐक, शनिवारचं रद्द. – नाही गं, भांडण नाही, आम्ही बोललोसुद्धा नाही. – नाही, त्याने काही केलं नाही. करणार होता. – घरी आल्यावर सांगते, आत्ता इथे एक माणूस बसलाय. तू असं कर, भाऊजींना म्हणावं मला त्या खोलीत एक कपाट लागेल. जुनं चालेल. – कपाट, कपाट! बॅगेतून किती दिवस कपडे काढायचे? – कुठे रडतेय? पंख्यांचा आवाज आहे तो, नेहमीच असतो. ठेवते.

तुम्ही अजून इथेच? मिळालं ना उत्तर, मग काय, चहा हवाय? – त्यांना काय सांगायचं? काही सांगू नका. – नाही, निरोप नाही. दार ओढून घ्या.